चेंडूचा रास्त भाव : ऑनलाइन गोल्फचे खेळ चालविणाऱ्यांस अनावृत पत्र

ऑनलाइन गोल्फचे खेळ निर्माण करणाऱ्या व चालविणाऱ्या कंपन्यांचे संचालक आणि व्यवस्थापक यांस,



आपणांपैकी कोणाशीही माझा वैयक्तिक परिचय नाही, आणि ज्या एका खेळात माझ्या निवृत्तीनंतरच्या बहुतेक सायंकाळी जातात त्याच्या चालकांनाही मी त्यांच्या दप्तरातील एका सांकेतिक नावापलीकडे ठाऊक असण्याचा संभव नाही. तथापि ज्याच्या दुकानात मनुष्य वर्षानुवर्षे रोखीने खरेदी करीत आला त्याला दोन शब्द सुनावण्याचा अधिकार गिऱ्हाइकास पोहोचतो, या जुन्या बाजारी संकेताच्या आधाराने हे पत्र लिहीत आहे. माझ्या खेळाचे नाव मी मुद्दामच देत नाही, कारण एकाचे नाव घेतले की उरलेले सारे आपण निर्दोष सुटलो असे समजून स्वस्थ बसतील. पत्र मराठीत आहे याबद्दल क्षमा मागण्याची आवश्यकता मला वाटत नाही. भाषांतराची यंत्रे आपणांपाशी मुबलक आहेत, आणि गुडघ्यांनी असहकार पुकारल्यानंतर मोबाइलच्या पडद्यावर गोल्फ खेळू लागलेल्या माझ्या समवयस्क मराठी बांधवांनीही ते वाचावे, अशी माझी इच्छा आहे.

प्रथम आपले उपकार मान्य करतो. कलकत्त्यास गोल्फचा क्लब १८२९ साली स्थापन झाला, म्हणजे हा खेळ आमच्या देशात येऊन दोन शतके होत आली. परंतु या दोन शतकांत तो गोऱ्या साहेबाकडून लष्करी अधिकाऱ्याकडे, त्याच्याकडून कारखान्याच्या व्यवस्थापकाकडे आणि अलीकडे जमिनीच्या दलालाकडे गेला, सामान्य पगारदाराकडे मात्र कधी आला नाही. येरवड्याचे मैदान काय किंवा १९२७ पासूनचे चेंबूरचे मैदान काय, आमच्या पिढीतील बहुतेकांनी ते कुंपणाबाहेरून, आणि तेही धावत्या बसमधून, पाहिलेले. ते कुंपण आपण काढून टाकलेत. स्कॉटलंडातील सेंट अँड्र्यूजचे पुरातन मैदान, कॅलिफोर्नियाच्या समुद्रकाठचे पेबल बीच, जेथे एका फेरीस सहाशे डॉलरांहून अधिक मोजावे लागतात, ही स्थळे आपण आमच्या माजघरात आणून ठेवलीत. वाऱ्याचा वेग, ग्रीनचा उतार, गवताची उंची यांचा हिशेब करण्यात जन्मभर जमाखर्चाची आकडेमोड केलेल्या माणसाला किती आनंद होतो, हे आपल्या चित्रकारांना व गणितज्ञांना कोणी कळविले नसेल तर या पत्राच्या द्वारे मी कळवितो.

आणखी एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केलेली बरी. म्हातारपणाच्या नावाने मी आपणांकडे दान मागत नाही. आमच्या राज्याची एस. टी. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्या प्रवाशास विनामूल्य नेते आणि पासष्टीपुढच्यांकडून अर्धे भाडे घेते. उलटपक्षी रेल्वेने ज्येष्ठांना दिलेली भाड्यातील सूट मार्च २०२० मध्ये महामारीच्या निमित्ताने थांबविली, आणि महामारी ओसरल्यावर गाड्या पूर्ववत झाल्या तरी ती सूट त्यांच्यासोबत परतली नाही. देणाऱ्याच्या मर्जीने यावी व त्याच्याच मर्जीने जावी असे सवलतीचे हे स्वरूप असल्याने मला सवलत नको, दर रास्त हवा. आणि रास्त म्हणजे काय हे सांगण्यासाठीच हा पत्रप्रपंच आहे. आपला खर्च मी जाणतो. मैदानांची चित्रे घ्यावी लागतात, नामांकित कारखान्यांच्या क्लबांची, म्हणजे खेळण्याच्या काठ्यांची, नावे वापरण्याचे शुल्क भरावे लागते, सर्व्हर अहोरात्र जागते ठेवावे लागतात, आणि ‘फुकट खेळा’ अशी पाटी लावून आत घेतलेल्या बहुसंख्य खेळाडूंचा भार पैसे मोजणाऱ्या थोड्यांच्याच शिरावर पडतो. हे सर्व मान्य करूनही, २०२१ साली ‘गोल्फ क्लॅश’ या खेळाची निर्माती असलेली प्लेडेमिक ही इंग्लंडमधील कंपनी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने १४० कोटी डॉलरांस विकत घेतल्याचे वर्तमान ज्याने वाचले आहे, त्याच्यापुढे आपण तोट्याची कैफियत मांडू नये हे उत्तम.

आता चेंडूविषयी, कारण गोल्फचा इतिहास हा बऱ्याच अंशी चेंडूच्या किमतीचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्कॉटलंडात जो चेंडू खेळला जाई तो चामड्याची पिशवी शिवून, तिच्यात हंसजातीय पक्ष्यांची उकडलेली पिसे ठासून भरून तयार करीत. हे काम इतके कष्टाचे आणि कौशल्याचे असे की, निष्णात कारागिराच्या हातूनही दिवसाकाठी मोजकेच चेंडू उतरत. आणि एवढ्या सायासाने घडलेला चेंडू पावसात भिजला म्हणजे त्याची शिवण उसवे व लोखंडी काठीचा वर्मी घाव बसला म्हणजे त्याच्या चिंध्या होत. अशा महागड्या चेंडूने खेळावयाचे तर पदरी इस्टेट हवी. १८४८ च्या सुमारास मलायातील झाडांचा चीक, ज्याला गटापर्चा म्हणतात, तो चेंडूसाठी वापरण्यात येऊ लागला. कढत पाण्यात मऊ करून हातांनी वळावा, थंड झाला की घट्ट व्हावा, फुटलाच तर तुकडे गोळा करून पुन्हा तापवून वळावा, असा तो स्वस्त आणि चिवट प्रकार होता. सेंट अँड्र्यूजचा ॲलन रॉबर्टसन हा त्या काळचा अग्रगण्य खेळाडू पिसांच्या चेंडूंचाही नामांकित कारागीर होता, आणि या नव्या चेंडूवर त्याचा एवढा राग की, त्याच्याच हाताखाली तयार झालेला टॉम मॉरिस तो चेंडू खेळल्याचे कळताच दोघांचे बिनसले व मॉरिसने वेगळी वाट धरली. परंतु रागाने बाजार थांबत नाही. स्वस्त चेंडूने महाग चेंडूस काही वर्षांतच हद्दपार केले, आणि जमीनदारांच्या जोडीने कारागीर, दुकानदार, शाळामास्तर असे लोक मैदानावर दिसू लागले.

महोदय, आपल्या चेंडूस पीसही लागत नाही आणि चीकही लागत नाही. एकदा त्याचे चित्र काढले आणि त्याच्या उड्डाणाचे गणित लिहिले की पहिला चेंडू आणि कोट्यवधीवा चेंडू यांच्या निर्मितिखर्चात सांगण्यासारखा भेद उरत नाही. असे असता आपण काय केलेत? त्याला आयुर्मर्यादा नेमून दिलीत. ठराविक आघात झाले की तो नष्ट होतो. खऱ्या मैदानावर चेंडू हरवतो तो तळ्यात किंवा झुडपात, म्हणजे खेळाडूच्या चुकीने. आपला चेंडू हिरव्यागार सपाटीवर, उत्तम टोल्यानंतर, आपल्या वहीत त्याची मुदत भरली म्हणून अंतर्धान पावतो. गटापर्चाचा फुटका चेंडू पुन्हा वळता येई; आपला चेंडू पुन्हा विकतच घ्यावा लागतो, आणि तोही तीन-तीनच्या पुडक्याने. निसर्गाने ज्या वस्तूवर टंचाई लादली नव्हती तिच्यावर आपण ती हुकुमाने लादलीत, आणि रॉबर्टसनच्या कार्यशाळेतील महागाई, तिच्यामागे असलेली मेहनत वगळून, पुनरुज्जीवित केलीत.

ही आकारणी सर्वांना सारखीच लागू आहे असे आपण म्हणाल. कागदावर ती सारखी आहे खरी. परंतु निवृत्त माणसापाशी पैसा थोडा व वेळ पुष्कळ असतो, आणि नोकरीतल्या तरुणाचे नेमके उलट असते. आठवड्यातून दोन फेऱ्या खेळणाऱ्या त्याला महागडा चेंडू सुखाने परवडतो. मी दिवसाला तेवढ्या खेळतो. जी आकारणी टोल्यांच्या संख्येवर होते ती अर्थातच वेळेवर होते, आणि वेळ हीच ज्याची एकमेव मिळकत राहिली त्याच्यावर तिचा बोजा सर्वांत अधिक पडतो. माझी मागणी एवढीच आहे की, सरावाच्या आणि बिनबक्षिसाच्या फेऱ्यांसाठी एक साधा, मध्यम गुणांचा, न झिजणारा चेंडू एकदाच किंमत घेऊन कायमचा द्यावा. झिजणाऱ्या चेंडूंची चैन बक्षिसाच्या स्पर्धांपुरती खुशाल चालू ठेवावी. (माझ्या नातवाच्या मते मी हा खेळच सोडून द्यावा. तो सल्ला विनामूल्य मिळाल्याने मी विशेष विचारात घेतलेला नाही.)

चेंडूचे दुःख तरी सर्वांचे आहे; टीचे दुःख विशेषेकरून जुन्या खेळाडूंचे आहे, आणि या पत्राचा मुख्य हेतू तोच होय. खऱ्या गोल्फच्या मैदानावर प्रत्येक होलच्या आरंभी पुढे-मागे अशा अनेक टी, म्हणजे पहिल्या टोल्याच्या जागा, असतात, आणि ज्याचा टोला जेवढा लांब जातो त्याने तेवढ्या मागून आरंभ करावा अशी पद्धत आहे. अमेरिकेत २०११ साली तेथील व्यावसायिक गोल्फपटूंची संघटना आणि युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशन यांनी मिळून ‘टी इट फॉरवर्ड’ या नावाची मोहीमच काढली होती : वय झाले, टोला आखूड झाला, तर संकोच न करता पुढच्या टीवर या, खेळ तोच राहील आणि आनंद वाढेल. हँडिकॅपची तर सबंध व्यवस्थाच, जिला २०२० साली जगभर एकरूप करण्यात आले, दुबळ्याला बलवानासमवेत खेळता यावे म्हणून उभारलेली आहे. या खेळात वय हे लपविण्याचे वैगुण्य नाही, मिरविण्याचे मोजमाप आहे. आपल्या वयाच्या आकड्याइतक्या किंवा त्याहून कमी टोल्यांत फेरी पूर्ण करणे याला येथे फार मोठा मान आहे. सॅम स्नीडने १९७९ च्या क्वाड सिटीज ओपनमध्ये सदुसष्टाव्या वर्षी सदुसष्ट टोल्यांत फेरी संपविली आणि मग त्याच स्पर्धेत सहासष्टांत संपवून दाखविली. २००९ साली टर्नबेरीच्या ब्रिटिश ओपनमध्ये टॉम वॉटसन एकोणसाठ वर्षांचा होता. शेवटच्या होलवर एक टोला अधिक लागला नसता तर ती स्पर्धा त्याने जिंकलीच होती. ज्येष्ठाला सामावून घेण्याचा हा शिरस्ता त्या खेळाने शंभर-दीडशे वर्षांत घडविला.

आपल्या राज्यात हा शिरस्ता उफराटा आहे. माझ्या खेळात जो जितका अधिक खेळेल तितकी त्याची लेव्हल वाढते, आणि एकदा वाढलेली लेव्हल पुन्हा खाली येत नाही. लेव्हल वाढली की वरचा वर्ग मिळतो. वरचा वर्ग मिळाला की टी मागे सरकते, ग्रीन गुळगुळीत होतात, झेंडा उताराच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. ज्या ड्रायव्हरने, म्हणजे लांब टोल्याच्या काठीने, कालपर्यंत चेंडू बंकरच्या पलीकडे जात असे त्याच ड्रायव्हरने आज तो नेमका बंकरमध्ये पडतो. माझा हात बिघडलेला नसतो, ड्रायव्हरही बिघडलेला नसतो. आपण मैदान लांबविलेले असते. आणि त्या वाढीव लांबीस पुरेल असा ड्रायव्हर दुकानाच्या त्याच फळीवर, त्याच लेव्हलचे कुलूप लावून, पूर्वीच्या दुप्पट भावाने मांडलेला असतो. सरकारी नोकरीत बढतीच्या हुकमासोबत पगारात भर पडे. येथे बढतीचा हुकूम हाती ठेवून कारकुनाकडूनच टेबल-खुर्चीची किंमत वसूल करावी असा प्रकार आहे, आणि ही बढती नाकारण्याचा अधिकारही त्याला नाही. कौशल्य वाढले म्हणून वर्ग वाढला तर माझी तक्रार नव्हती. परंतु मी पुष्कळ दिवस खेळलो, म्हणजेच पुष्कळ दिवस आपले निष्ठावंत गिऱ्हाईक राहिलो, याच कारणास्तव माझा खेळ महाग होत जावा, यात निष्ठेला दंड केल्यासारखे होते.

यावर दोन उपाय सुचवितो, आणि दोन्ही गोल्फच्याच परंपरेतले आहेत. पहिला असा की, वर्ग कोणताही असो, टी निवडण्याचा अधिकार खेळाडूस द्यावा. पुढच्या टीवरून खेळणाऱ्यास बक्षीस कमी द्यावे, हे न्याय्यच होईल. दुसरा उपाय साहित्याच्या मर्यादेचा. एके काळी मोठमोठे खेळाडू वीस-वीस, कधी त्याहूनही अधिक क्लब पिशवीत घालून मैदानावर येत. प्रत्येक अडचणीला निराळी काठी. खेळ कौशल्याचा राहतो की खरेदीचा होतो, असा प्रश्न उभा राहिला तेव्हा अमेरिकेच्या संस्थेने १९३८ साली चौदा क्लबांची मर्यादा घातली आणि पुढच्याच वर्षी सेंट अँड्र्यूजच्या संस्थेने तीच स्वीकारली. चेंडूचे वजन ४५.९३ ग्रॅमहून अधिक नसावे, व्यास ४२.६७ मिलिमीटरहून कमी नसावा, हेही त्यांनीच ठरविले. तेथे नियम करणारा एक, क्लब विकणारा दुसरा आणि मैदानाचा धनी तिसरा आहे, म्हणून हे घडू शकले. आपण मात्र मैदानाचे धनी, नियमांचे कर्ते, पंच आणि दुकानदार या चारही आसनांवर एकटेच विराजमान आहात. लांब मैदान आखणारा हात आणि लांब पल्ल्याचा ड्रायव्हर विकणारा हात एकाच देहाचे असल्यावर संशयाला जागा राहणारच. तो संशय दूर करावयाचा असेल तर आठवड्यातून काही स्पर्धा अशा ठेवा की, ज्यांत सर्वांच्या पिशवीत आपणच दिलेले सारखे साहित्य असेल. मग कोण किती पाण्यात आहे ते दिसेल, आणि मला खात्री आहे की आमच्यातील पुष्कळ म्हातारे पाण्यावर दिसतील.

यापुढचा मुद्दा बोटांचा आहे. पडद्यावर बोट दाबावे, मीटरची सुई पट्टीवरून धावत यावी, आणि ती खुणेवर आली की नेमक्या क्षणी बोट उचलावे, अशी टोल्याची रीत आपणांस सांगावयास नको. वयाबरोबर डोळ्यांनी पाहिलेले बोटापर्यंत पोहोचण्यास अधिक वेळ लागतो. चाळिशी लावली तरी सुई व खूण यांतील केसाएवढे अंतर धूसर दिसते. काहींच्या हाताला सूक्ष्म कंप असतो. याला खेळातील अकौशल्य म्हणता येत नाही, कारण वाऱ्याचा अंदाज, क्लबाची निवड, ग्रीन वाचणे ही खरी विद्या त्यांच्यापाशी शाबूत असते. सुईची गती थोडी धीमी करता आली तर हे लोक तरुणांच्या बरोबरीने खेळतील. आणि ती करता येते! तिचीही सोय आपण केलेलीच आहे, फक्त ती सेटिंगमध्ये न ठेवता दुकानात ठेवली आहे : धीम्या मीटरचे गुण महाग चेंडूंत आणि महाग क्लबांत भरून आपण ते विकता. तरुणाला हा गुण शोभेचा, घेतला तर घेतला. म्हाताऱ्याला तो घेतल्यावाचून गत्यंतर नाही. आपल्या दरपत्रकात वयाचा उल्लेख कोठेही नाही, आणि तरीही त्या दरपत्रकातून वयावर कर वसूल होतो, ही मखलाशी मोठी सफाईदार आहे हे मी मान्य करतो.

धीमी सुई सर्वांना फुकट दिली तर स्पर्धेचा समतोल ढळेल, अशी आपली हरकत असेल. ती पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. परंतु जो गुण आज पैसे घेऊन कोणालाही दिला जातो, त्याने समतोल ढळत नाही आणि फुकट दिल्यानेच ढळतो, हे तर्कशास्त्र मला उमगत नाही. हवे तर धीम्या सुईवाल्यांचा फड निराळा ठेवा. बक्षिसेही निराळी ठेवा. गोल्फच्या अधिकृत नियमावलीत जानेवारी २०२३ पासून पंचविसावा नियम आहे तो अपंग खेळाडूंसाठी कोणत्या तरतुदी कशा लागू करावयाच्या हे सांगणारा, आणि तो परिशिष्टात किंवा पुरवणीत नसून मूळ नियमांत आहे. ज्या खेळाच्या नावावर आपण धंदा करता त्याच्या नियमकर्त्यांना जे मुख्य संहितेत घ्यावेसे वाटले, ते आपण जादा किंमत लावून विकू नये. कन्सोलवर खेळल्या जाणाऱ्या काही गोल्फ खेळांत स्विंगची अवघडपणाची पातळी खेळाडूस मुळातच निवडता येते. अर्थात यंत्रविद्येची अडचण आपण पुढे करू शकणार नाही.

किमती लिहिण्याच्या पद्धतीविषयी थोडक्यात. आपल्या दुकानात एकही वस्तू रुपयांत मिळत नाही. आधी रुपये देऊन आपली नाणी घ्यावयाची, मग त्या नाण्यांनी क्लब घ्यावयाचा. नाण्यांच्या थैल्या अशा हिशेबाने बांधलेल्या की वस्तू घेतल्यावर थोडी नाणी उरावीत, पण त्या उरलेल्यांत काहीच येऊ नये. वरती ‘ही संधी दोन तासांत संपेल’ असे घड्याळ टिकटिकत असते, आणि दोन दिवसांनी तीच संधी नवे घड्याळ घेऊन परत येते. युरोपीय संघाच्या ग्राहकसंरक्षण यंत्रणेने मार्च २०२५ मध्ये अशा खेळातील नाण्यांविषयी जी तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत वस्तूची किंमत खऱ्या चलनात स्पष्ट दाखवावी असे एक तत्त्व आहे. आमच्या केंद्र सरकारनेही ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला भुलविणाऱ्या तेरा प्रकारच्या युक्त्यांस मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली असून त्यांत खोट्या घाईचा समावेश आहे. कायदा दाखवून आपणांस भय घालावे हा माझा हेतू नाही. नाण्यांच्या शेजारी रुपयांचा आकडा छापण्यास कायद्याची वाट पाहावी लागू नये, एवढेच म्हणणे आहे. तो आकडा छापला गेला म्हणजे आणखी एक गोष्ट उघडी पडेल. येथे कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेखाली मिळणारे किमान मासिक निवृत्तिवेतन २०१४ पासून हजार रुपये आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या खिशाला शोभेल अशी किंमत डॉलरच्या भावाने गुणून येथे लावली की एक ड्रायव्हर कोणाच्या तरी महिन्याभराच्या निवृत्तिवेतनाएवढा होतो. देशपरत्वे दर ठेवणे अशक्य आहे असे सांगू नका. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये येथील मोबाइल योजनेचा मासिक दर १९९ रुपयांवरून १४९ वर आणला, तो दानधर्म म्हणून आणला असे कोणी समजत नाही.

आत काय निघेल ते न कळणाऱ्या पेट्यांविषयी तर दोनच वाक्ये. क्लब हवा असलेल्या माणसाला क्लब न विकता क्लबाची शक्यता विकणे हा व्यापार नसून सोडत आहे, आणि बेल्जियमच्या जुगार-नियंत्रण आयोगाने २०१८ साली पैसे देऊन उघडावयाच्या अशा पेट्यांना जुगारच ठरविले. ज्याला पेटी नको त्याला तोच क्लब उघड भावाने घेता यावा.

राहिला मालकीचा प्रश्न. जन्मभर खरेदीखते, फेरफार आणि वहिवाटीचे उतारे हाताळल्यामुळे असेल, पण ‘विकत घ्या’ असे लिहिलेल्या बटणाखाली बारीक अक्षरांत दडलेला करारनामा मी एकदा भिंग लावून वाचला. त्यात मला क्लब विकल्याचे कोठेही म्हटलेले नाही. तो वापरण्याचा, केव्हाही रद्द होऊ शकणारा, परवाना दिल्याचे म्हटले आहे. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा आहे की, परवाना देत असताना ‘खरेदी’ हा शब्द वापरावयाचा तर ग्राहकास वस्तुस्थितीची स्पष्ट जाणीव करून दिली पाहिजे. युबिसॉफ्टने २०१४ साली काढलेला ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हरसकट बंद केला, तेव्हा ज्यांनी त्याचे पैसे मोजले होते त्यांच्या हाती काहीच उरले नाही. असा प्रसंग गोल्फवर येणार नाही असे कोणी सांगावे? आणि खेळ चालू असतानाही मालकी क्षीण होतेच. मी पैसे साठवून घेतलेला वेज दोन-तीन महिन्यांत निस्तेज होतो, कारण त्याहून सरस वेज आपण बाजारात आणलेला असतो आणि स्पर्धांची मैदानेही त्या नव्या वेजला अनुकूल आखलेली असतात. त्यातून आमच्यासारख्यांची आणखी एक पंचाईत आहे, जी तरुणांना सुचणारही नाही. खऱ्या गोल्फपटूच्या पश्चात त्याचे क्लब मुलाकडे जातात, नातीकडे जातात, निदान भंगारात विकले जातात. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ गेले. त्यांची पिशवी उत्तमोत्तम क्लबांनी भरलेली होती, आणि त्यांच्या पत्नीस खेळाची आवडही होती, परंतु करारनाम्यात वारसाची नोंद करण्यास कलमच नाही. हस्तांतराची ही परवानगी द्यावयास आपल्याला एक पैचाही खर्च येणार नाही.

तेव्हा निदान असे करावे : विकलेल्या क्लबाचे गुण किती काळ कमी करणार नाही याची मुदत विकतानाच लिहावी, खेळ बंद करावयाचा झाल्यास पुरेशी आगाऊ सूचना द्यावी व अखेरच्या वर्षातील खरेदीची रक्कम परत करावी, आणि बटणावर ‘विकत घ्या’ असे लिहावयाचे असेल तर मालकी द्यावी, परवाना द्यावयाचा असेल तर ‘भाड्याने घ्या’ असे लिहून भाड्याएवढीच रक्कम घ्यावी. भाडे देण्यास आमच्या पिढीची ना नाही. आम्ही आयुष्याचा मोठा भाग चाळींतून भाड्याने काढला, आणि भाड्याच्या खोलीची पागडी किती व भाडे किती यातील फरक आम्हांस चांगला कळतो.

या पत्रास उत्तर म्हणून आभाराचा छापील मजकूर व सोबत शंभर नाण्यांची भेट पाठविण्याची आपल्या ग्राहकसेवेची पद्धत मला ठाऊक आहे. ती भेट कृपया पाठवू नये. त्याऐवजी एका पानाचे दरपत्रक प्रसिद्ध करावे : कोणता क्लब, कोणता चेंडू, रुपयांत किती, किती काळ टिकणार, कोणत्या लेव्हलला कोणती टी लागू, आणि धीमी सुई कोणाकोणाला विनामूल्य. आमच्या मंडळात संध्याकाळी एकत्र जमून आपापल्या मोबाइलवर खेळणारी आठ-दहा माणसे आहेत. त्यांपैकी निम्म्यांनी खरेदी थांबविलेली आहे, खेळ मात्र थांबविलेला नाही, ते जुन्याच ड्रायव्हरने बंकरमधून खेळत असतात. दरपत्रक आले की ते मोठ्या अक्षरांत छापून आणण्याची जबाबदारी माझ्याकडे दिलेली आहे.



आपला नम्र,
एक सेवानिवृत्त अव्वल कारकून
(आपल्या दप्तरी : वरच्या वर्गातील जुना खेळाडू)
पुणे